सांध्यावरची रेषा

११ जानेवारी

वन्सं,

दचकू नकोस. फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. पाकिटावरचं अक्षर ओळखून ते न फोडता बाजूला ठेवशील असं तुला वाटत असेल, पण तू फोडशील. शाळेत असताना दुसऱ्या मुलींच्या नावाची पाकिटंसुद्धा उजेडासमोर धरून वाचायचीस. हे तर तुझ्याच नावाचं आहे.

आज साहेबांनी बोलावलं होतं. आमचे साहेब म्हणजे नवे विभागप्रमुख, माझ्या मुलाच्या वयाचे, मला मुलगा असता तर. नुकतीच दाढी ठेवलीये. अजून तिची सवय झालेली नाही, अवघड काही बोलायचं असलं की हात आधी दाढीला जातो, आहे ना जागेवर म्हणून. दाढीला हात लावून म्हणाले, "मॅडम, तुमच्या शेवटच्या पानाला दुसरी नजर मिळाली."

"कोण?"

त्यांनी तुझं नाव घेतलं आणि माझ्याकडे बघत राहिले. तू माझी नणंद आहेस हे त्यांना माहीत आहे. आपण बोलत नाही हेही माहीत असावं. चहाच्या मशीनपाशी सगळ्यांचं सगळं कळतं.

"त्या हो म्हणाल्या?"

"लेखी."

तुला नाही म्हणता आलं असतं. पानावर माझं नाव होतं, ते तू वाचलं असणारच. तरी हो म्हणालीस. मला यातून काही अर्थ काढायचा नाहीये, पण संध्याकाळपासून दुसरं काही सुचतही नाही.

नियम तुला मी काय सांगू? कित्येक वर्षं नव्या पोरांकडून तो आपण दोघींनीच घोकून घेतला. मंगळाभोवती फिरणाऱ्या यानानं टिपलेले तेच फोटो दोघींनी बघायचे, तेच पान दोघींनी रेखाटायचं, इथे खडक, इथे वाळू, इथे जुना लाव्हा, पण अगदी वेगवेगळं. काम पुरं होईपर्यंत त्याबद्दल एकमेकींशी अक्षर बोलायचं नाही, कारण एकीनं सांगितलं की दुसरीला तेच दिसायला लागतं. मग दोन्ही नकाशे एकावर एक ठेवायचे. जुळले तर दोघींच्या सह्या, काम संपलं. ठरल्यापेक्षा जास्त फरक निघाला तर दोघींनी एका टेबलाशी बसायचं आणि एकेक रेषा भांडून मिटवायची. टेबल पहिलीच्या ऑफिसातलं. म्हणजे माझ्या.

म्हणजे जुळले तर तू येणार नाहीस, आणि नाही जुळले तर तुला यावं लागेल. बसमध्ये हेच मनात घोळवत बसले आणि उतरायचा थांबा चुकला. जन्मभर नकाशे जुळावेत म्हणून जीव टाकला, हे पहिलंच पान असं की जुळू नये असं वाटतंय.

या भागात पुढचं यान उतरवायचा विचार आहे, म्हणून सगळ्यांना घाई. मी मे महिन्यात निवृत्त होते. पानाबद्दल एवढंच. याच्यापुढे एक शब्द लिहिला तर तूच वर तक्रार करशील, ओळखते मी तुला.

तुझी,
टिपकागद


३० जानेवारी

वन्सं,

उत्तर नाही. ठीक आहे.

लिहिता लिहिता हसू आलं, अजून तुला वन्सं म्हणते. बाकी बायका नणंदेला मानानं म्हणतात, मी चिडवायला. माझं तुझ्या दादाशी ठरलं तेव्हा तू कमरेवर हात ठेवून म्हणाली होतीस, "हे बघ टिपकागद, आता मला वन्सं म्हणायचं आणि मान देऊन बोलायचं." वन्सं म्हणायला लागले, मान द्यायचा राहून गेला. आणि तू रागावलीस की मला वहिनी म्हणायचीस. तुझ्या तोंडून वहिनी ऐकलं की दादा वर्तमानपत्र घेऊन दुसऱ्या खोलीत जायचा.

परवापासून एक गोष्ट सांगायची आहे, कुणाला सांगू ते कळत नव्हतं. आमच्या इमारतीत तळमजल्यावरचे शिंपीकाका तुला आठवत असतील, कानाला कायम खडू अडकवलेले. मी जिन्यात दिसले की विचारतात, "काय म्हणतोय तुमचा मंगळ?" मी म्हणते, "गप्प आहे." ते म्हणतात, "नशीबवान आहात. आमच्याकडे सगळे बोलतात." रोज हेच. एखाद्या दिवशी त्यांनी विचारलं नाही तर मला चुकल्यासारखं होतं.

तर परवा मी घरी येत होते आणि त्यांच्या दुकानातून तुझ्या दादाचा राखाडी कोट बाहेर पडला. तोच. डाव्या खिशाला तुझ्या हातची रफू असलेला. आत कुणी तरी अनोळखी, बुटका माणूस होता. बाह्या कापून आखूड केल्या होत्या. तो कोट रस्ता ओलांडून गेला आणि मी त्याच्या मागे गेले. फार नाही, फळवाल्याच्या कोपऱ्यापर्यंत. तिथे त्या माणसानं सफरचंदं घेतली, पिशवी हातात धरून थांबला, मागे वळून मला म्हणाला, "काही हवंय का बाई?"

मी म्हटलं, "कोट छान आहे."

"जुना आहे, पण उबदार आहे," तो म्हणाला.

मी सफरचंदं घेतली. घरी आले. शिंपीकाकांनी दुसऱ्या दिवशी मंगळाचं विचारलं नाही. त्यांनी दारातून मला जाताना पाहिलं असावं.

आज ऑफिसात शाळेची आठवण झाली. कॉन्व्हेंटमधला तो संध्याकाळचा अभ्यासाचा तास. लांब टेबलं, हिरवे दिवे, आणि त्या सिस्टर, ज्यांना आपण किल्ल्या म्हणायचो, कारण त्या यायच्या आधी त्यांच्या कमरेच्या किल्ल्या यायच्या. बोललं तर फळ्याकडे तोंड करून उभं राहायचं. तू बुटाच्या टोकानं माझ्या बुटाला ढोसायचीस. एकदा म्हणजे 'कंटाळा आला', दोनदा म्हणजे 'गणित सुटलं'. वार्षिक परीक्षेच्या आधी इतकं ढोसलंस की माझ्या बुटाचं पॉलिश गेलं आणि किल्ल्यांनी मलाच झापलं. "यंग लेडी, शूज टेल अ स्टोरी," असं काहीसं. मी घळाघळा रडले आणि तू माझं टिपकागद असं बारसं केलंस.

आताही आपला अभ्यासाचा तासच चाललाय. तेच पान, तू तिथे, मी इथे, बोलायला बंदी. दुपारी मी टेबलाखाली पाय लांब केले. कुणाला लागले नाहीत.

तुझी,
टिपकागद


१९ फेब्रुवारी

वन्सं,

कार्ड मिळालं. 'वहिनी, नकाशाबद्दल एक शब्द लिहू नकोस. बाकी लिही.' बस्स, खाली सहीसुद्धा नाही. वहिनी म्हणालीस म्हणजे राग आहे तसाच आहे. पण 'बाकी लिही' हेही तुझंच अक्षर आहे. ते मी चहा होईस्तोवर उभ्याउभ्याच वाचत राहिले आणि चहा उतू गेला.

बाकी लिही म्हणतेस, तर बाकी लिहिते. आपल्यात बाकी म्हणजे एकच गोष्ट.

दादा गेला तेव्हा तू तिकडे परदेशात होतीस. आधी वादळानं विमानं बंद पडली, मग तिकीट मिळेना, आणि तू आलीस तोवर तीन आठवडे होऊन गेले होते. दारात उभी राहिलीस, हातातली बॅगसुद्धा खाली ठेवली नव्हतीस. कपाट रिकामं. दाराजवळचे बूट नाहीत. खिडकीपाशी त्याची खुर्ची नाही, ती शाळेला दिली होती. दाढीचं सामान नाही, चष्मा नाही, पाणीपुरवठा खात्यातली ती त्याची लांबलचक गुंडाळलेली ड्रॉइंगं नाहीत. तू सगळ्या घरातून एकदा फिरलीस आणि म्हणालीस, "वहिनी, तू त्याला घरातून पुसून टाकलंस. मला एक रुमालसुद्धा ठेवला नाहीस." मग स्टेशनावर, मी तुझी बॅग धरलेली असताना, ती माझ्या हातातून ओढून म्हणालीस, "माझ्या दारात पाऊल टाकायचं नाही." महिन्याभरात तू दुसऱ्या शहरातल्या ऑफिसात बदली मागून घेतलीस.

मी चुकले असं मला आजही वाटत नाही, आणि तुला बरं वाटावं म्हणून तसं लिहिणार नाही. फक्त काय झालं होतं ते सांगते. तेव्हा तू विचारलं नाहीस.

बुटांमुळे झालं. ते दाराजवळ होते, नेहमीसारखे, डावा थोडा तिरका. मी कामावरून आले की दार उघडताना आधी बूट दिसायचे. बूट आहेत म्हणजे तो घरात आहे, हे इतक्या वर्षांचं डोक्यात बसलेलं. मी विचार करायच्या आधीच ओरडायची, "अहो, चहा टाकतेय." आणि टाकायची. दोन कप. कप ओट्यावर ठेवायची तेव्हा लक्षात यायचं. एकदा नाही गं, रोज. रोज संध्याकाळी तो नव्यानं जायचा. आठवड्याभरात मला दार उघडायचीच भीती वाटायला लागली, मी जिन्यात बसून राहायची. शिंपीकाकांनी हात धरून वर आणून सोडलं एकदा. त्यांनाच म्हटलं, बूट घेऊन जा. मग बूट गेले तर खुर्ची बोलायला लागली. खुर्ची गेली तर कोट. असं करत करत सगळं गेलं.

तुझ्यासाठी काही ठेवायचं मला सुचलं नाही. त्या दिवसांत मला वाटायचं तो फक्त माझा गेलाय. तू दारात उभी राहून रुमाल म्हणालीस तेव्हा लख्खकन कळलं की तो तुझाही गेलाय, माझ्या कितीतरी आधीपासून तुझा होता. पण तोवर तू जिना उतरायला लागली होतीस.

आता चहा एकच कप टाकते. तो मात्र हमखास उतू जातो.

तुझी,
टिपकागद


८ मार्च

वन्सं,

माझं पान आज संध्याकाळी पाठवून दिलं. तू तुझं कधीच पाठवलंयस म्हणे, साहेब सांगत होते. तू नेहमीच माझ्या आधी. पेपर देऊन वर्गाबाहेर उभी राहायचीस आणि खिडकीतून मला वाकुल्या दाखवायचीस.

पानाबद्दल लिहीत नाही. पण कामाबद्दल लिहायला काही बंदी नाही ना? आठवतं, आपण नोकरीला लागलो त्या पहिल्या महिन्यात तुला आणि मला एक मोठा फोटो दिला होता, टेकड्या मोजायला. केवढ्या सुरेख गोल टेकड्या होत्या. आपण दोघींनी दिवसभर मोजल्या, चहालाही उठलो नाही. संध्याकाळी फोटो घरी नेला, मिरवायला. दादानं हातात घेतला, डोकं खाजवलं, फोटो फिरवून उलटा धरला आणि म्हणाला, "हे खड्डे आहेत ना गं?"

टेकड्या गायब. सगळे खड्डेच होते, उल्का आदळून झालेले. ऊन खालच्या बाजूनं येत होतं आणि आपल्या डोळ्यांना ते वरूनच येणार असं वाटत होतं, म्हणून प्रत्येक खड्डा फुगून टेकडी झाला होता. तू त्याच्यावर इतकी चिडलीस! "तुला काय कळतं? तू पाण्याच्या पाइपांचा माणूस!"

तो म्हणाला, "खड्डा कुठला ते आमच्या खात्याला लगेच कळतं."

त्या दिवसापासून मी फोटो उघडला की आधी ऊन कुठून येतंय ते बघते, मग बाकी सगळं. ऊन डावीकडून वरून येईल असा फोटो फिरवून घेते. टेबलावरचा दिवासुद्धा डावीकडे ठेवते. नव्या पोरांना हसू येतं. दिव्याचा आणि मंगळाचा काय संबंध, म्हणतात. काही नाही, पण हात स्थिर राहतो.

एक सांगू? इतकी वर्षं मी दिवसभर अशा जागी असते जिथे कधीच कुणी नव्हतं. वाळूवरून वावटळी जातात, त्यांचे काळे माग फोटोत राहतात, पुढच्या फेरीत यान तिथून जातं तोवर ते पुसलेले असतात. कुणी बघायला नाही, कुणी विचारायला नाही. पूर्वी मला त्याचं काही वाटायचं नाही, कारण संध्याकाळी घरी जाऊन सांगायला दोघं होते. एक ऐकायचा आणि एक माझं वाक्य तोडून स्वतःचं सांगायची. आता मी त्या निर्जन जागेतून निघते, बस पकडते, आणि दुसऱ्या एका निर्जन जागी येते. मंगळावर निदान ऊन तरी असतं.

आणि एक कबूल करते, आता पान गेलंय म्हणून. मागच्या आठवड्यात मनात आलं, एक रेषा मुद्दाम चुकवावी. जरा मोठी. म्हणजे फरक निघेल. माऊस हातात धरून बसले होते, ऊन सरकून खिडकीतून गेलं. नाही जमलं गं. हात होईना. त्या जमिनीवर यान उतरणार आहे, आणि तिची काय चूक आहे?

म्हणून जे दिसलं तेच काढलं. बहुधा तूही तेच काढलं असशील. आपण दोघी त्याच किल्ल्यांच्या हाताखाली तयार झालो. सह्यांचे कागद येतील, मी सही करीन, आणि संपलं.

तुझी,
टिपकागद


२४ मार्च

वन्सं,

आज नकाशे एकावर एक ठेवले. आता बोलायला बंदी नाही, म्हणून सगळं लिहिते.

मोठ्या पडद्यावर माझ्या रेषा निळ्या, तुझ्या लाल. साहेबांनी एकावर एक सरकवले. जुळले. विवराची कड, तिथे आतल्या बाजूला ढासळलेले कडे, कधी काळी पाण्यानं आणून पसरलेला तो गाळाचा पंखा, त्यावरच्या वाळूच्या लाटा, सगळं. ईशान्येकडच्या त्या घाणेरड्या कोपऱ्यात, जिथे काहीच धड दिसत नाही, तिथे मी घाबरत घाबरत एक तुटक रेषा काढली होती, खात्री नाही अशी खूण म्हणून. तूही तिथे तुटकच काढलीस. त्याच वळणानं. निळी आणि लाल मिळून जांभळी दिसत होती. साहेब म्हणाले, "वा! अशी जुळणी मी पाहिली नाही." मी पर्समधला रुमाल काढला. त्यांना वाटलं आनंदानं.

मग त्यांनी पान खाली सरकवलं आणि मधल्या मैदानावर, जिथे यान उतरवायचंय नेमकं तिथे, एक लाल रेषा उभी होती. वरून खालपर्यंत. सरळ, ठाम, जाड. तिच्या डावीकडे तू लिहिलंस 'कठीण खडक' आणि उजवीकडे 'खोल धूळ'. माझ्याकडे तिथे काहीच नाही, सगळा एकच खडक.

ती रेषा सांध्यावर आहे, वन्सं.

यान एका फेरीत जमिनीची एक पट्टी टिपतं. शेजारची पट्टी पुढे केव्हातरी, सवडीनं. त्या दोन शेजारी चिकटवून आपलं पान होतं. या दोन पट्ट्या टिपण्याच्या मधल्या काळात तिथे धुळीचं मोठं वादळ होऊन गेलं, म्हणून एक बाजू काळपट आणि दुसरी फिकट दिसते. जमीन तीच, वरची धुळीची पावडर तेवढी वेगळी. हे मी तुला सांगायचं? नव्या पोरांना पहिल्या दिवशी तूच सांगायचीस, खडू आपटून, "निसर्ग पट्टी लावून रेघ मारत नाही. सरळ रेघ दिसली की समजा ती तुमची आहे." एका मुलीनं सांध्यावर रेषा काढली तेव्हा तिला रडेपर्यंत बोलली होतीस. मी तिला बाहेर नेऊन पाणी पाजलं होतं.

साहेबांनी दाढीला हात लावला. "मॅडम, ही नवशिक्याची चूक आहे."

"फरक आहे."

"फरक नाही हो, चूक. तुम्हालाही दिसतंय."

मी रुमाल पर्समध्ये ठेवला.

"त्यांचा नकाशा आपण बाजूला ठेवू," ते म्हणाले. "इथल्याच कुणाकडून दुसरी नजर करून घेतो, आठवड्याभरात होईल. त्यांना मी फोन करून सांगतो, म्हणजे, जरा सांभाळून. वय होतंच की सगळ्यांचं."

"माझंही झालंय."

"तुमचं तसं नाही, मॅडम."

"आम्ही एका वर्गातल्या आहोत."

ते वरमले. परवापर्यंत विचार करू म्हणाले. माणूस वाईट नाही, त्याला पान वेळेवर हवंय.

आता खरं सांगते. ती लाल रेषा पाहिल्यावर मला पहिल्यांदा काय झालं माहीत आहे? आनंद झाला. पोटातून. म्हटलं, लबाड कुठली! मला जमलं नाही ते हिनं केलं. यायला निमित्त काढलं. घरी आल्यावर जिना चढताना मी हसत होते, शिंपीकाका म्हणाले, "आज मंगळ बोलला वाटतं?"

दार उघडून आत आले, दिवा लावला, आणि हसू गेलं. तू असं करणारी नाहीस. केसाएवढी रेषा सरकवली तर दुसऱ्याला रडवणारी बाई यानाच्या उतरायच्या जागेशी खेळणार नाही, माझ्यासाठी तर नाहीच. मग ती रेषा तुला दिसली. खरीच दिसली. काळपट आणि फिकट एवढंच दिसलं आणि त्याखालचा दगडाचा पोत, जो दोन्हीकडे सारखा आहे, तो दिसला नाही. किंवा दिसला आणि त्याचा अर्थ लागला नाही.

डोळ्यांना काही झालंय का गं? की दुसरं काही? तुझ्या घरात कोण आहे हे लक्षात यायला? इतक्या वर्षांत आपल्यापैकी एकीला शिंक आली तर दुसरीला कळायचं, आणि आता तुला काय होतंय ते मला मंगळाच्या नकाशावरून कळतंय.

तुझी,
टिपकागद


२६ मार्च

वन्सं,

आज सकाळी साहेबांच्या खोलीत गेले. बसा म्हणाले, बसले नाही.

मी विचारलं, "दुसरी नजर बाजूला ठेवायची, असा नियम आहे का?"

"तसा नाही, पण—"

"फरक आला तर काय करायचं असा नियम आहे?"

"मॅडम, एका रेषेसाठी त्यांना एवढ्या लांबून बोलवायचं? आणि इथे सगळ्यांसमोर त्यांना..." ते अडखळले. "त्यांना बरं वाटेल का ते?"

तेव्हा मला कळलं की मी अडीच महिने कसली वाट बघत होते. तू इथे यावीस, या टेबलाशी बसावीस, आणि काचेपलीकडून सगळी पोरं बघत असताना ती रेषा पुसावी लागावी. हे मागत होते मी.

"बोलवू नका," मी म्हटलं. "मी जाते. टेबल त्यांच्याकडचं घेऊ."

"नियमात टेबल पहिलीच्या—"

"मग नियमात लिहा की पहिलीनं टेबल हलवलं."

त्यांचा हात दाढीकडे गेला, पण मध्येच खाली आला. म्हणाले, "किती दिवस लागतील?"

"रेषा एकच आहे. पण आम्ही दोघी आहोत. बघू."

हसले. पत्र सही करून दिलं. निघताना म्हणाले, "मॅडम, त्यांना माझा नमस्कार सांगा. मला पहिल्या वर्षी त्यांनी शिकवलंय. मलाही रडवलं होतं."

तर शुक्रवारी सकाळच्या गाडीनं येतेय. हे पत्र गुरुवारी मिळायला हवं. नाही मिळालं तर मीच वाचून दाखवीन. दारात पाऊल टाकायचं नाही असं तू म्हणाली आहेस, ते विसरलेले नाही. पण मी पाहुणी म्हणून येत नाही, कामावर येतेय, हातात दोन नकाशे आणि ऑफिसचं पत्र घेऊन. हाकलायचं असेल तर लेखी हाकलावं लागेल. घर रिकामं केल्यावरून भांडायचं असेल तर तेही भांडू. ते पान अजून आपण दोघींनी एकत्र पाहिलेलंच नाही.

रेषा मुद्दाम काढली असशील तर दार उघडल्या उघडल्या मला कळेल, तुला कधीच हसू दाबता आलं नाही. मग मी तुला तिथल्या तिथे इतकी झापीन की किल्ल्या परवडल्या.

आणि नकळत काढली असशील तर काही सांगू नकोस. काही समजावूही नकोस. खिडकीचा पडदा ओढ, फोटो उघड आणि मला शेजारची खुर्ची दे. तुला काय दिसतंय ते तू सांग, त्याच्यापुढचं मी सांगेन. डॉक्टरकडे जायचं ते दोघींनी जाऊ. घाई करायची नाही. मे महिन्यापर्यंत मी नोकरीत आहे, आणि त्यानंतर मला कुठेच जायचं नाही.

तुझी,
टिपकागद